लाल गाडी नागपूरले गेली

हंसाबाई : म्हणजे जब्बारभाईनं स्वतःच नाही म्हटलं? गाडीले हात नाही लावत म्हून?

जैबुनबी : त्यायनंच. मी चहा गाळत होती, माह्या कानानं ऐकलं. तू पोरीच्या बाळंतपणाले फुलसावंगीले गेली, त्याच्या मागंच झालं हे. घनश्यामभाऊ गाडी ढकलत गॅरेजवर आले. म्हणे, जब्बार, आपल्या अतियाची रुखसती, सासरची पाठवणी, याच गाडीतून करू, तेवढं धुराचं पाह्यून दे. तं आमचे हे म्हणे, मी नाही करत, नागपूरले ने.

हंसाबाई : ते लाल, बिनटपाची? वणीच्या खाणीतला साहेब जाता जाता घनश्यामभाऊले देऊन गेला ते? तिले तं तुह्या नवऱ्याशिवाय कोणं कधी पाना लावला नाही. आमच्या देवसिंगची वरात तिच्यातच निघाली होती.

जैबुनबी : कोणाची नाही निघाली? कापूस बुडाला, हाती पैसा उरेना, तवापासून या गावात ना घोडा आला, ना बँड. ज्याच्या घरी लगन, त्याच्या दारात घनश्यामभाऊ गाडी घेऊन उभे. दोनच सीटा. एकावर ते, एकावर नवरदेव, अन् मागून आमचे हे पान्याची पेटी घेऊन पायी.

हंसाबाई : देवसिंगच्या वेळेस मारोतीच्या पारापाशी बंद पडली. सारे वऱ्हाडी ढकलत होते, अन् आत नवरदेव बसून हसत होता. पण तिले झालं काय होतं, भाभी?

जैबुनबी : दुसऱ्या गाडीले एक कार्बोरेटर राह्यते, हिले दोन हायेत म्हणे. दोन्हीनं बराबर पेट्रोल द्यावं लागते. एक जास्त द्याचा, एक कमी, म्हून खोकलायची अन् काळा धूर काढायची. आमचे हे ब्रेक करते, क्लच करते, वायरिंग करते. पण त्या दोघायले एका सुरात आणणं त्यायले कधी जमलं नाही. तार बांधून भागवत होते.

हंसाबाई : मग घनश्यामभाऊले राग आला असन.

जैबुनबी : राग आला असता तं बरं होतं. त्यायले लागलं ते. म्हणे, माह्या गाडीले आजवर परक्याचा हात लागला नाही, अन् तुह्याच पोरीच्या लग्नात तू मले दुसऱ्याच्या दारात पाठवून राह्यला? यायनं हात पुसले, अन् सांगतलं, “घनश्याम, दुसऱ्याची पोरगी असती तं मी तार बांधून देली असती. हे माही हाये. मले जे येत नाही, त्याच्यावर मी तिले नाही बसवत.”

हंसाबाई : म्हणजे आमचा देवसिंग तारेवर बसला होता?

जैबुनबी : मीबी रात्री तेच म्हटलं. लाजले. तोंडावर चादर घेऊन झोपले.

हंसाबाई : मग?

जैबुनबी : मग काय, बोलणंच बंद. घनश्यामभाऊ रोज संध्याकाळी गॅरेजवर चहाले यायचे, ते येईनात. आमचे हे दोन कप मांडायचे अन् एकटेच प्यायचे. इकडं लगन जवळ आलं. मी म्हटलं जाऊ द्या, जीपमधून पाठवू पोरीले. अतिया म्हणे, अम्मी, मले गाडी नको, पण या दोघायले बोलते करा.

हंसाबाई : अन् घनश्यामभाऊची मैनाबाई? ते चूप बसली का?

जैबुनबी : चूप कायची बसते. घनश्यामभाऊ कापूस घेऊन यवतमाळले गेले, तशी मैनाबाई आली, अन् गाडीची चाबी माह्या हातावर ठेवली. म्हणे, “माहा मानत नाही, तुहा करत नाही. अतिया तं माहीबी पोरच हाये. न्या गाडी.”

हंसाबाई : अगं माय! नवऱ्याले न विचारता?

जैबुनबी : विचारलं असतं तं देली असती का? जिनिंगचा एक ट्रक रिकामाच नागपूरकडं चालला होता, त्यात भराले कापूसच नव्हता. दोन फळ्या लावल्या, अन् साऱ्यायनं मिळून गाडी वर चढवली. हे वर जाऊन तिच्यातच बसले. ट्रकात गाडी, गाडीत हे. सारं गाव पाहून राह्यलं होतं.

हंसाबाई : घनश्यामभाऊ परत आले तवा?

जैबुनबी : शेड रिकामी. अगोदर वाटलं चोरी झाली. मग मैनाबाईनं खरं सांगतलं, तं ताटावरून उठले अन् सकाळच्या पहिल्या एसटीनं नागपूर. मले सांगून गेले, जैबुनभाभी, आज तुह्या नवऱ्याचं काही खरं नाही.

हंसाबाई : भांडण झालं मग तिथं?

जैबुनबी : ऐक ना. नागपूरले पूनमसिंग म्हून एक बुढे मिस्त्री हायेत. अशा जुन्या विलायती गाड्यायशिवाय दुसरं काहीच हातात घेत नाहीत. त्यायनं बॉनेट उघडलं, तार पाह्यली, अन् अगोदर आमच्या यायले झाडलं. हे कोणं केलं, म्हणे. हे म्हणे, मी. मग काय काय बोलले असन ते! हे शाळेतल्या पोरासारखे उभे राहून ऐकत होते. मले सांगतानी हसून राह्यले होते, हंसा. इतकं झाडलं कोणी अन् इतकं खुश झालं कोणी, मी पाह्यलं नाही.

हंसाबाई : खुश काहून?

जैबुनबी : शिकाले भेटलं ना. पूनमसिंगनं रबराची नळी देली. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, एक कानात. आत हवा जाते, तिची शीळ ऐकू येते. एकाची ऐकायची, मग दुसऱ्याची. दोन्ही सारख्या झाल्या का जमलं. घनश्यामभाऊ तावातावानं पोचले, तवा हे कानात नळी घालून बसले होते. घनश्यामभाऊनं तोंड उघडलं, तं यायनं हात वर केला अन् नळी त्यायच्याच कानात घातली.

हंसाबाई : अन् भाऊ काय म्हणाले?

जैबुनबी : लय वेळ ऐकत राह्यले म्हणे. मग बोलले, “जब्बार, आपून तं समजत होतो हिले जनमाचाच दमा हाये.” बस. तिथंच सारं मिटलं. पूनमसिंगनं सांगून देलं, ब्रेक-क्लच ज्याच्या हातचं हाये त्याच्याच हाती राहू द्या, पण कार्बोरेटरसाठी सालातून एकदा इकडं आणा. मग दोघं त्याच गाडीतून परत आले. वाटेत चहाले थांबले तं इंजिन बंदच नाही केलं. भेव वाटलं म्हणे, पुन्हा चालू नाही झालं तं?

हंसाबाई : अन् रुखसती? मले तेच ऐकाचं हाये.

जैबुनबी : दोन सीटा, मग नवरदेवालेच चालवा लागन. आपला जावई कलीम वणीले कोळशाचा ट्रक चालवते. घनश्यामभाऊनं त्याले बजावलं, बापू, हे ट्रक नाही, हळू पाय ठेव. इकडं ढकलाले पोरं बाह्या सरकवून मागं उभी. आम्ही बाया डोळ्याले पदर लावून तयार. मनात म्हटलं, गाडी चालू व्हायले येळ लागन, तवर पोरीले पोटभर भेटून घेऊ, पोटभर रडून घेऊ.

हंसाबाई : अन्?

जैबुनबी : कलीमनं चाबी फिरवली अन् गाडी गेलीबी. अतियाचा हात माह्या हातातून निसटला. मी तोंड उघडूनच उभी. ढकलणारी पोरं पुढं वाकली होती, एकावर एक पडली. मैनाबाई हसाले लागली, मग मी, मग साऱ्याच.

हंसाबाई : म्हणजे तू रडलीच नाही?

जैबुनबी : येळच नाही भेटला. ठरल्यापरमाणं फाट्यावर पंपापाशी गाडी ठेवून नवरा-नवरी जीपमध्ये बसले अन् वणीले गेले. रात्रभर मी जागीच.

हंसाबाई : जब्बारभाई कुठं हायेत मग? गॅरेज बंद दिसलं.

जैबुनबी : आज सकाळी हे अन् घनश्यामभाऊ गाडी आणाले फाट्यावर गेले. चहाले येतो म्हणे. चहा झाला, जेवण झालं, कोणाचा पत्ता नाही. मले वाटलं पुन्हा बंद पडली. अन् आता तू यायच्या थोडं अगोदर किराणा दुकानावर फोन आला. पळत गेली मी.

हंसाबाई : कोणाचा?

जैबुनबी : अतियाचा, वणीहून. म्हणे, अम्मी, अब्बा अन् घनश्यामकाका दोघं आलेत. अंगणात बसून पोहे खाऊन राह्यलेत, विचारलं तं म्हणते, गाडी कुठवर जाते ते पाहून राह्यलो होतो.

हंसाबाई : अन् तू काय म्हटलं पोरीले?

जैबुनबी : म्हटलं, त्यायले अजून पोहे वाढ. अन् तवा कुठं रडू आलं मले.