मास्कमधलं बिस्मिल्ला

हरणाच्या मटणाचं नाव काढलंत ना, मला आमचे हाजीसाहेब आठवले.

मी रियाधला बकरी कापायचो. माझा कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर मी होतो तो मालक, त्याच्या फार्मवर हरणं इतकी वाढली की चारा पुरेना, म्हणून मांस हॉटेलांना विकायचं ठरलं. शिकाऱ्यानं गोळी घालायची आणि जीव जायच्या आत मी धावत जाऊन, बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची. नाहीतर मांस हराम.

दिवस कुवेतच्या लढाईचे. इराकी क्षेपणास्त्रांतून विषारी वायू येईल म्हणून प्रत्येकाजवळ गॅसचा मास्क असायचा. पहिलं हरण पडलं आणि नेमका सायरन वाजला. गाडीच्या टपावर बसलेला वाळवंटातला बद्दू शिकारी सोडून सगळे मास्क चढवून गाडीत घुसले. मीही मास्क चढवला, पण हरणाकडे धावलो आणि काम उरकलं.

परत आलो तर मांसाचे व्यापारी हाजीसाहेब काच जराशी खाली करून ओरडले, "हे मी घेणार नाही! तुझ्या तोंडावर तो डबा. बिस्मिल्ला कुणी ऐकलं?"

"अल्लानं ऐकलं की!"

"गिऱ्हाईक मला विचारतं, अल्लाला नाही!"

तेवढ्यात टपावरून गोळी सुटली, दुसरं हरण पडलं. सायरन चालूच. माझं डोकंच फिरलं. मास्क काढून फेकला, गाडीचं दार उघडलं. म्हटलं, "चला हाजीसाहेब, त्याचा जीव जायच्या आत. जवळ उभं राहून ऐका."

हाजीसाहेबांनी धाडकन दार ओढून घेतलं आणि काचेआडून हात हलवत ओरडले, "ऐकलं, ऐकलं! एकदम साफ ऐकलं!"

हरण तिकडं लांब पडलेलं, आणि मी अजून गाडीच्या दाराशीच.