फक्त नांग्यांचा अहवाल

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख माननीय उदयसिंह साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सहकारी बंधू-भगिनींनो, आणि मागच्या रांगेत मांडीवर डबा घेऊन बसलेल्या गोजरबाई,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, आभारी आहे. साहेबांनी माझ्या चिकाटीचं तोंडभरून कौतुक केलं. त्या चिकाटीपायीच माझी बदली झाली, एवढं सांगायचं मात्र ते विसरले.

मी इथल्याच मंद्रूप गावची. आमच्याकडं खेकडा कसा करतात, हे मला कुणी शिकवायला नको. बारीक पाय पाट्यावर वाटायचे, फडक्यातून गाळायचे, कवटीतला पिवळा गर त्यात कालवायचा आणि लसूण-तिखट घालून कढ आणायचा. सर्दी-पडसं झालं की पोरांना हाच रस्सा पाजतात. आणि इथल्या तलावातल्या खेकड्यांचं आपण तपासलं काय? नांग्यांतलं पांढरं मांस. का, तर छापील पद्धतीत तेवढंच लिहिलंय. त्यात काही सापडलं नाही, आणि शहराचा नाला जिथं तलावात उतरतो तिथंच आपल्या नावाचा फलक लागला: खेकडे खाण्यास योग्य.

अहो, पण नाल्यातून आलेलं विष साठतं ते त्या पिवळ्या गरात. म्हणून मी रस्साच केला, आपल्याच प्रयोगशाळेच्या शेगडीवर, आणि तो तपासला. कॅडमियम मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. पुन्हा केला, पुन्हा तेच. साहेब म्हणाले, "मॅडम, आपण प्रयोगशाळा चालवतो, खानावळ नाही." सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब, या सोलापुरात कुणाच्या घरी नुसत्या नांग्या शिजतात हो? माझा अहवाल पद्धतीबाहेरचा ठरला, बाहेर बोलायची बंदी आली आणि पाठोपाठ बदलीचा हुकूम.

गोजरबाई कोण, हे पाहुण्यांना ठाऊक नसेल. त्या त्याच तलावात खेकडे धरतात. आपल्याला नमुने दर वेळी त्यांनीच दिले. निकाल त्यांना कळवावा, असं या कार्यालयात कुणाला वाटलं नाही. मघाशी त्या मला दारात भेटल्या. माझा घसा बसलाय हे ऐकून रस्सा करून आणलाय बाईंनी. म्हणाल्या, "आता भ्या न्हाय की मॅडम, तुमच्या हापिसानं फलक लावलाय. पायलला बी रोज पाजतीया, छाती भरती तिची." पायल त्यांची नात. अजून शाळेतही जात नाही.

त्यानंतर या खुर्चीवर बसून हारतुरे घेणं मला फार जड गेलं. आता ती बंदी गेली खड्ड्यात. नोटीस काढायची तर नव्या पत्त्यावर काढा.

गोजरबाई, तुमची माया मला कळते, पण तो डबा उघडू नका. घरी गेल्या गेल्या पातेल्यातला रस्सा ओतून टाका, पायलला घोटभरही देऊ नका. त्या तलावातला खेकडा खाऊ नका आणि कुणाला विकूही नका. तुम्ही म्हणाल, मग आमी खायाचं काय? खरंय तुमचं. याचं उत्तर माझ्याकडं नाही. ते देणारी माणसं इथं माझ्या शेजारी बसली आहेत. त्यांना विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत जागचं उठू देऊ नका.

सत्काराबद्दल आपल्या सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या. तपासणीत काही चुकलेलं नाही.