पिढ्या म्हणून दाखव

नाही नाही, बस — उठू नकोस, चहा सांगितलाय मी, वेलदोडा घालून, जरा उकळू दे त्याला — आणि ट्रक कुठे पळून जातोय तुझा? तूच म्हणालास ना, माल चढायला संध्याकाळ होईल म्हणून? मग बस की. मिनियापोलिसात येऊन आपल्या लोकांच्या या मॉलमध्ये चहा न पिता गेलास तर लोक मला काय म्हणतील, या गेल्लेला माणुसकी नाही. तसंही म्हणतातच. ती समोरची चौकडी बघतोस — चार म्हातारे, एक फोन? तो टोपीवाला संरक्षणमंत्री. त्याच्या शेजारचा, सांबुसा खातोय तो, परराष्ट्र. इथं सगळे मंत्री आहेत रे, शिपाई एकही नाही. मी राजदूत होतो. हसतोस काय, खरंच, मला 'राजदूत' म्हणूनच हाक मारायचे — कारण काय, तर मी भांडणात मध्ये पडायचो. आता हाकच मारत नाहीत. बघ, मी इकडं बसलोय, ते तिकडं. सकाळपासून एकानंही सलाम केलेला नाही. संरक्षणमंत्र्याच्या मुलीच्या लग्नात तांदूळ मी ढवळलाय, एवढाल्या पातेल्यात — पण जाऊ दे.

का? सांगतो ना. आमच्या कुळाचा एक ग्रुप आहे, फोनवर. तुमचाही असेलच, कुणाचा नसतो. तिथं लग्नं ठरतात, मयती कळतात, खुनाबद्दल कुणाला रक्तपैसा द्यायचा ते ठरतं, आणि उरलेला सगळा वेळ चेष्टा. त्याचा मालक शिर्दोन — एककान्या म्हणतात त्याला, लहानपणी उंटानं कान चावला — तो बसतो टोरांटोत, तळघरात, हीटर लावून, आणि तिथून आमच्या गावचं राजकारण चालवतो. बरं, चालवू दे. गावाकडं तालुक्याचा कारभारी कुणाचा नेमायचा, आमचा की पलीकडच्या कुळाचा, एवढीच गोष्ट होती. आमचा ओहायोतला एक पोरगा लाइव्हवर म्हणाला, त्यांच्यात दाढीवाले फक्त बोकड. लंडनहून त्यांच्यातला एक उठला, त्यानं आमच्यावर चार ओळींचं कवन केलं — चांगलं होतं रे कवन, खोटं कशाला बोलू, मी दोनदा ऐकलं — मग आमच्यातल्यानं उत्तर दिलं, मग त्यांनी, आम्ही इथं हसून हसून लोळतोय, मीसुद्धा — आणि एक दिवस कळलं, तिकडं विहिरीपाशी गोळ्या चालल्या. इथं जीभ चालते आणि तिकडं बंदूक. ज्याची जीभ चालते त्याच्या दारात मात्र कुणी येत नाही.

आता तू विचारशील, यात मला ग्रुपमधून काढायचं कारण काय. तर मेलेल्यांची नावं आली. आमच्यातल्यांची आली तेव्हा सगळ्यांनी 'आम्ही अल्लाचेच' लिहिलं. मग पलीकडच्यांची आली आणि एककान्यानं लिहिलं — चार तरस कमी झाले. खाली हसणारी तोंडं, शंभर एक. आणि त्या चौघांत एक नाव माझ्या मामाच्या मुलाचं. आई माझी तिकडची रे. दाहाबो. ती लग्न करून आमच्यात आली ती साठ वर्षांपूर्वी असेल, दोन्ही कुळांत वैर मिटलं तेव्हा दिलेली पोर — असंच करतात ना, भांडण मिटलं की मुलगी देतात. मी लिहिलं: तुम्ही ज्यांना तरस म्हणता ते माझे मामा आहेत, अल्ला त्यांनाही जवळ करो. बस. एवढंच. शिवी नाही, काही नाही. तर पुढच्या मिनिटाला — एककान्यानं तुम्हाला काढून टाकलं. ज्यांना मुतारीपर्यंत मी हात धरून नेलंय त्या म्हाताऱ्यांनी एक शब्द काढला नाही.

मान गेला म्हणून रडत नाहीये मी. ऐक. गावात टॉवर बंद आहे. लोक बाहेर पळालेत, कुणी बाभळीखाली, कुणी ट्रकवर. ज्याला कुठं टेकडीवर रेंज सापडते तो ग्रुपवर आवाज पाठवतो — आम्ही अमक्या ठिकाणी आहोत, अमकी म्हातारी आमच्याबरोबर आहे. दुसरा रस्ताच नाही. आणि माझी आई आमच्या गावात, आमच्या घरात, त्यांच्यातली बाई. ती कुठं आहे ते त्या ग्रुपमधल्या सगळ्यांना माहीत असेल आणि मला, तिच्या एकुलत्या एक मुलाला, माहीत नाही. त्या टोपीवाल्याच्या खिशात आहे बघ माझी आई. मी जाऊन विचारलं. तो म्हणाला, तुझ्या मामांना विचार.

म्हणून, पुतण्या — तुला पुतण्याच म्हणतो, तू कुणाचा ते मी विचारलेलं नाही, लक्षात घे, आल्यापासून एकदाही नाही, नाहीतर आपल्यात पहिला घोट जायच्या आत विचारतात — एक काम कर माझं. इथल्या सगळ्यांचे आवाज एककान्या ओळखतो. तुझा नाही ओळखत. आत यायला तो दुसरं काही मागत नाही: पिढ्या म्हणून दाखव, म्हणतो. दहा पुरुष, न अडखळता, आवाजात. तू रोब्लेचा मुलगा हो. रोब्ले माझा चुलतभाऊ, वारला बिचारा, तीन देशांत तीन बायका, मुलं किती ते अल्लालाच ठाऊक. एखादं आणखी निघालं तर कुणाला नवल वाटणार नाही. खोटं आहे, हो, आहे खोटं. पण नावं खरी आहेत ना? माझेच आजे-पणजे आहेत, मी उसने देतोय तुला, घटकाभर.

म्हण माझ्यामागं. बुल्हान रोब्ले. जामा. सामतर — सामतरपासून पुढं तुझा-माझा रस्ता एकच, सोपं आहे. दिरिये. फारह. एग्गे. नाही, एग्गे आधी, हिर्सी नंतर — एग्गेनं सिंह मारला म्हणतात, माझा बाप म्हणायचा तरस असेल. हिर्सी. मुमिन. रागे. पुन्हा. वा! अरे, तू तर आमच्या पोरांपेक्षा बरं म्हणतोस. माझ्या धाकट्याला विचार, सामतरच्या पुढं गेला की फोन बघतो. आता दाब ते बटण. एका दमात. हां… हां… पाठव.

बघू. गेला? चहा घे तोवर. मी नाही घेत. वाजला! काय म्हणतो — घेतलं? घेतलं आत? अल्ला तुझं भलं करो, तुझ्या ट्रकचं भलं करो. आता वर सरकव, वर, जुनं बघ, मागच्या आठवड्याचं — काय नाही? काहीच नाही म्हणजे? नव्या माणसाला जुनं दिसत नाही? हे कधीपासून — हो. हो, खरं आहे. माझ्या लक्षातच नाही आलं. मीच कितीतरी जणांना आत घेतलंय. मूर्ख माणूस मी.

आता काय म्हणतोय तो? लाव, मोठ्यानं नको, कानाशी धरू दे मला. …म्हणतोय, ये रोब्लेच्या पोरा, उशिरा आलास, आता तरसांबद्दल दोन शब्द बोल म्हणजे तुझं रक्त कुणाचं ते कळेल. हसतायत मागं. बोल. अरे बोल, असा बघू नकोस माझ्याकडं. माझ्या मामांनाच देणार ना शिव्या, मी सांगतोय, दे. माझा सगळ्यात धाकटा मामा मला खांद्यावर घेऊन बाजार दाखवायचा — त्याच्या नावानं दे, त्याला चालेल, तो हसरा होता. जरा हसून म्हण, म्हणजे खरं वाटतं. हां. आणि त्याच दमात विचार, वर्सामेची बायको — वर्सामे म्हणजे माझा बाप — ती म्हातारी दाहाबो, तिचं काय झालं. सहज विचार. विचारल्यासारखं वाटू देऊ नकोस.

झालं? थांब. थांब, येईल. बोटं चालतायत त्याची, बघ.

दे इकडं. मी ऐकतो.

…

ऐकलंस? पुन्हा लाव. नको, राहू दे, कळलं. म्हणतोय, तिला कुणी हात लावला नाही, आपण बायकांना काही करत नाही — आपण, बघ, टोरांटोतला आपण — ट्रकवर घालून पलीकडं पाठवली तिच्या माणसांत. जिथली तिथं. आणि मग, मुलगा आहे म्हणे तिचा एक, अमेरिकेत, तरसांसाठी रडत बसलाय, त्याला वेळ कुठला. आणि त्याच्यामागोमाग बाकीच्यांनी पाठवलेले हसण्याचे आवाज. त्यात एक हसणं ओळखीचं आहे. टोपीवाला. बघ, तिथं समोर बसून हसतोय, आणि इथं फोनमध्ये पण.

जिवंत आहे. जिवंत आहे ना? ट्रकवर पाठवली म्हणजे जिवंतच. गुडघे वाकत नाहीत तिचे, ट्रकवर चढवली कशी असेल. आणि तिची माणसं म्हणजे कोण? भाऊ सगळे गेले. साठ वर्षांनी उतरून कुणाला सांगणार, मी कोण म्हणून? आणि मी विचारू कुणाला? त्यांचा ग्रुप आहे, आहे तर, असणारच, पण तिथलाही एककान्या हेच म्हणणार — पिढ्या म्हणून दाखव. पुतण्या, आता विचारतो. तू त्यांच्यातला आहेस का? असलास तर सांग, मी इथं तुझ्या गळ्यात पडतो. नाहीस. दक्षिणेकडचा. बरं. बरं, ठीक आहे.

मग तिच्याकडच्या पिढ्या मीच तुला शिकवायला हव्यात ना. सोपं आहे, थांब. दाहाबो आवाले. आवाले, माझे आजोबा. आवालेचे वडील कूशिन. कूशिनचे… कूशिन… थांब, येतंय. आवाले, कूशिन… संध्याकाळी दुधाचं भांडं मांडीत घेऊन बसायची ती, आणि मला म्हणायला लावायची, रोज, अडखळलो की कान पिळायची — गेल्ले, वर्सामे, सामतर, दिरिये — आमचीच नावं, माझ्या बापाची. परक्यांची नावं तिनं तोंडपाठ केली होती, मला शिकवता यावीत म्हणून. वाट चुकलास, तहान लागली, तर ही म्हण, कुणीतरी पाणी देईल, म्हणायची. स्वतःची कधी नाही सांगितली. मीही विचारली नाहीत, कुणीच विचारत नाही. आवाले, कूशिन…

जा तू. जा, माल चढला असेल तुझा. आणि त्या ग्रुपमधून बाहेर पड आधी, उगाच रात्रभर वाजत राहील.