तिकीटघरातला झाडूवाला

—बीफ आहे हो, बीफ. कांद्यावर परतलेलं. मागे आमचं स्वयंपाकघर आहे ना, दार नीट लागत नाही, वास पुढे येतोच. तर मी काय म्हणत होते — उद्या सकाळचीच फेरी घ्या, दुपारी वारा सुटेल. आमच्या या अँडेनेस बंदराचं बरंय, बोट जरा बाहेर पडली की लगेच खोल पाणी, आणि तिथे ते मोठ्ठे, चौकोनी डोक्याचे देवमासे. सगळे नर. बायका-पोरं गरम समुद्रात ठेवून इथे एकटे खायला येतात — हसा, हसा, सगळेच हसतात याला. मासा दिसलाच नाही तर दुसरी फेरी फुकट. लेकीला आतून लोकरीचं घाला, वरून आमचा जाड लाल पोशाख आहेच. आणि उपाशी पोटी आणू नका, उपाशी माणसाला बोट जास्त लागते. काय गं, मांडीवर कापडी देवमासा घेऊनच आलीस? झोपतेस पण याच्याशेजारी? गोड आहे.

कोण, तो? तो — झाडूवाला आहे आमचा. गावातलाच म्हातारा, एकटा असतो, बसतो इथे बाकावर. नाही नाही, ते ताट नका घेऊ! तो सगळ्यांपुढेच ताट धरतो, इथल्या म्हाताऱ्यांची सवयच आहे — माणूस थंडीतून आत आला आणि चुलीवर काही असलं की वाढलंच. त्याचं मनावर घेऊ नका, त्याला आपण काय बोलतोय ते कळत नाही, तुमची भाषा येत नाही त्याला. पप्पा, आत न्या ते. न्या म्हणते ना! — अं? हो, पप्पाच म्हटलं. म्हणतो आम्ही. इथे कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणतो. बेटा, तो तक्ता ओढू नकोस, भरती-ओहोटीचा आहे तो — पडला. असू दे, असू दे, रडू नकोस. हो, मागे फोटो आहे. जुना आहे. बोटीच्या टोकावर उभा आहे माणूस, आणि ती — हो, तोफच आहे ती. देवमासे मारायची. नाक? अहो, नाकं इथे सगळ्यांचीच सारखी. त्याचं, झाडूवाल्याचं…

आणि माझंही. हो.

बीफ नाही ते, देवमासाच आहे. लहान जातीचा असतो, आपण दाखवतो तो नव्हे, कायद्याने चालतं सगळं — पण तुमच्या लेकीच्या मांडीवरच्याला जात कुठे आहे? काल शेजारच्या ऑडबियर्नने कडीला पिशवी लावून ठेवली. ताजं मांस आलं की पहिली पिशवी म्हाताऱ्यांच्या दाराला, असंच आहे आमच्यात. पप्पांनी रात्रभर दुधात भिजवलं. मी बजावलं होतं, गिऱ्हाईक जाईपर्यंत चूल पेटवू नका. विसरतात. नाही, विसरत नाहीत — पाहुण्याला गरम काही द्यावं, एवढंच त्यांच्या डोक्यात. पण गेल्या उन्हाळ्यात एकीने इंटरनेटवर लिहिलं, हे लोक पुढच्या खोलीत देवमासे दाखवतात आणि मागच्या खोलीत शिजवतात. बोट निम्मी रिकामी जायला लागली. म्हणून फोटोवर तो तक्ता. मीच ठोकला. खिळा त्यांनी धरला होता. आणि बोट तरी कुणाची? पप्पांचीच, फोटोतली. तोफ उतरवली आणि बाकं बसवली, तीही त्यांनीच, माझं पोट चालावं म्हणून.

लाज वाटते हो. मांसाची नाही, त्या मांसावरच वाढले मी. आत्ता तुमच्यासमोर, सख्ख्या बापाला झाडूवाला म्हणाले ना, त्याची वाटते. आणि हे आज पहिल्यांदाच म्हणाले, असंही नाही. कधी झाडूवाला, कधी शेजारी, कधी कुणीच नाही. एक बरंय, त्यांना कळत नाही. तेवढं तरी —

हा कसला आवाज? पप्पा, काय करताय? ठेवा तो झाडू. अहो, अंगात चांगला स्वेटर आहे, पाहुणे येणार म्हणून घातलेला, आणि झाडताय काय… काय म्हणाले ते? लेकीला तुमच्या काहीतरी म्हणाले ना आत्ता? पाय वर घे बाळ, झाडू दे मला, नाहीतर बाईसाहेब रागावतील? असं म्हणाले? तुमच्या भाषेत?

शाळेत नाही हो शिकले ते, आणि परदेशीही कधी गेले नाहीत. इथेच. त्या बाकावर बसून. मी दिवसभर तुमच्यासारख्यांशी बोलते ते ऐकत… म्हणजे इतकी वर्षं जे जे मी…

सकाळी धक्क्यावर या. लाल पोशाख तिथेच मिळतील. नाही, आता काही विचारू नका, जा तुम्ही. त्या दाराने नको, तिथे ते झाडतायत. इकडून जा. जा हो.