खिचडीने दिलेली साक्ष

केमिस्ट्रीत उपवास कामाला येतो, हे माझ्याकडून ऐका. धारला एमएस्सीचं प्रॅक्टिकल होतं. ब्लीच घालून अल्कोहोलचं कीटोन करायचं. अल्कोहोल संपलं की जास्तीचं ब्लीच तसंच उरतं आणि स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा करतं. नेमके तेच कागद लॅबमधून संपलेले.

देवासहून परीक्षा घ्यायला आलेले सर म्हणाले, "बेटा, बिना कागज़ के कैसे मान लूँ कि रिएक्शन पूरी हुई? नंबर कटेंगे."

शेजारच्या टेबलवरची पूजा कुजबुजली, "वासावरून सांग ना."

"अगं, अख्ख्या लॅबलाच ब्लीचचा वास येतोय."

तेवढ्यात आठवलं, आज चतुर्थी. बॅगेत साबुदाण्याच्या खिचडीचा डबा होता, आणि साबुदाणा म्हणजे स्टार्चच की. चमचाभर खिचडी गरम पाण्यात कुस्करून गाळली, त्यात फळीवरचं पोटॅशियम आयोडाइड मिसळलं आणि फिल्टर पेपरच्या पट्ट्या भिजवल्या.

पहिल्या पट्टीवर माझ्या फ्लास्कमधला थेंब टाकला. पांढरीच राहिली. सर हसले.

मी म्हटलं, "सर, मतलब अल्कोहोल अभी बाकी है."

आणखी ब्लीच घातलं, ढवळलं, थांबले. दुसरी पट्टी काळीनिळी झाली. दहा मिनिटांनी तिसरीही.

सरांनी पट्टी नाकाशी नेली. "इसमें जीरा क्यों महक रहा है?"

"सर, आज संकष्टी है."

मला पूर्ण मार्क मिळाले. मग पूजासकट सगळी बॅच चमचे घेऊन माझ्या टेबलाशी रांगेत उभी राहिली. त्या दिवशी माझा डबा सगळ्यांनी मिळून संपवला, आणि एक घासही कुणी खाल्ला नाही.