आजींच्या हातचे केस

बाळांनो, समजा, सलूनच्या बाकावर एक मुलगी बसली आहे आणि तिच्या शेजारी एक अनोळखी आजोबा.

"आजोबा, तिसऱ्यांदा नंबर सोडलात!"

"धीर होत नाही गं."

"कात्रीला घाबरता? इतके मोठे होऊन?"

"कसे कापू, असं ते केस कापणारे दादा विचारतील. मी काय सांगू? चाळीस वर्षं आमची हीच कापायची, गॅलरीत बसवून."

"मग आजींना विचारून या ना."

"ती गेली, बाळ. दोन महिने झाले."

आजोबांनी वाढलेल्या केसांवरून हात फिरवला.

"आता हे कापले, की तिच्या हातचं तेवढंही जाईल बघ."

"मागून कसे कापलेत, माहितीये तुम्हाला?"

"मागचं तीच बघायची. मला कुठलं दिसायला?"

मुलगी उठून त्यांच्या मागे उभी राहिली आणि मानेवरची, आजींनी कापलेल्या केसांची किंचित वाकडी रेघ हळूहळू बोट फिरवून त्यांना दाखवू लागली.