पप्पांच्या हातचं विमान

वेदिका : पोस्ट काढली ना पप्पा, तुमच्यासमोरच काढली. आता कॅमेऱ्याचं कार्ड कशाला पाहिजे?

सोमनाथ : मूळ फोटो कार्डात आहे म्हणून. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, मूळसुद्धा पुसायचा. उद्या सकाळी तसं लिहून द्यायचंय मला. पुढं काय करायचं ते मग ठरवतील.

उज्वला : दे बाई, देऊन टाक. बापाची नोकरी जायची पाळी आली अन् ही कॅमेरा पोटाशी धरून बसलीय! माझ्या भावालाच अक्कल नाय. लग्नाचे फोटो काढतो तर काढावे गुपचूप. जुना कॅमेरा भाचीच्या गळ्यात कशाला अडकवायचा?

वेदिका : गोरक्षमामाला मध्ये आणू नकोस, मम्मी. मी काय कारखान्याच्या भिंतीवर चढले होते का? मोतीरामआजोबांच्या द्राक्षबागेत उभी होते. वरचं आकाश पण कारखान्याचं आहे का?

सोमनाथ : आकाश नाही. विमान आहे. आणि ते अजून चाचणीतलं आहे. फोटोखाली काय लिहिलं होतंस, ते सांग तुझ्या मम्मीला.

उज्वला : सांग की. आता का दातखीळ बसली?

वेदिका : 'माझ्या पप्पांच्या हातचं विमान.'

सोमनाथ : त्याच्याखाली मैत्रिणीनं विचारलं, पप्पा कुठल्या खात्यात आहेत? तर हिनं तेही सांगून टाकलं. नावासकट. साहेबांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. म्हणाले, सोमनाथ, ही मुलगी कुणाची? सगळे उभे होते आजूबाजूला. मी म्हटलं, माझी.

वेदिका : मला मिरवायचं होतं, पप्पा. कुणी वडिलांचं दुकान दाखवतं, कुणी बाग दाखवतं. मी काय दाखवू? तुमची सायकल?

सोमनाथ : आमचं काम मिरवायचं नसतं. मोबाईल गेटवर ठेवून आत जातो आम्ही. बाहेर आलो की तोंडाला कुलूप.

उज्वला : मला तरी कुठं ठाऊक हाय, आत काय करतात ते? लग्न झाल्यापासून डबा भरून देतेय. वणीला माहेरी कुणी विचारलं तर म्हणते, कारखान्यात हायेत. पुढचं मलाच ठाऊक नाय. म्हणून मी गावभर दवंडी पिटत फिरले का?

सोमनाथ : हे खूळ शिरलं तरी कुठून डोक्यात? आपल्या घरात कुणाला नाही हा नाद.

वेदिका : तुमच्याकडूनच आलंय.

सोमनाथ : माझ्याकडून? मी जन्मात कॅमेरा हातात धरला नाही.

वेदिका : तुमची दुसरी पाळी असली की सकाळी मला खांद्यावर घेऊन बांधावर जायचात. म्हणायचात, आवाजाकडे बघू नकोस, विमान आवाजाच्या पुढं असतं, तिथं बघ. आणि चाकं कधी मिटतात ते मला सांग. मी श्वास धरून बघायचे. मिटली की ओरडायचे.

सोमनाथ : त्याचा अन् फोटोचा काय संबंध?

वेदिका : मामाबरोबर लग्नांत नुसता लाईट धरायचे, कंटाळा यायचा. एकदा मनमाडच्या लग्नात त्यानं कॅमेरा हातात दिला. बघितलं तर तेच काम! नवरीची आई रडायला लागल्यावर बटण दाबून उपयोग नाही, त्याच्या आधी बघायचं. तिचा पदर डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत मी दाबलं. तेव्हापासून दुसरं काही गोडच लागत नाही.

उज्वला : अभ्यास तर आधीपासूनच गोड लागत नव्हता.

वेदिका : या फोटोसाठी महिनाभर पहाटे बागेत जाऊन थांबले मी. नाशिकच्या प्रदर्शनात निवडलाय तो. पहिल्यांदाच कुणी माझं काही निवडलंय, पप्पा.

सोमनाथ : तिथूनही काढून घ्यावा लागेल, बाळा.

वेदिका : तुम्ही नीट बघितला तरी का?

सोमनाथ : मोबाईल साहेबांच्या हातात होता. मी मान खाली घालून उभा. काय बघणार?

वेदिका : मग आधी बघा. मग पुसते मी.

उज्वला : बसा बघत बापलेक. माझी भाकरी करपतीय.

(उज्वला आत जाते. वेदिका कॅमेऱ्याचा पडदा सोमनाथपुढे धरते.)

सोमनाथ : ही खाली बाई कोण?

वेदिका : भिमाबाई. बागेत कामाला येतात. कपाळावर हात धरून वर बघतायत.

सोमनाथ : मोठं होतं का हे? अजून कर. इथं, पोटाखाली. बस, बस, थांब.

वेदिका : काय झालं?

सोमनाथ : चाकाचा दरवाजा आहे हा. मिटत आलाय. माझ्या टेबलावरून जातो हा. कडेनं हात फिरवून, चाचपून, मगच सोडतो मी.

वेदिका : कधी बोलला नाहीत.

सोमनाथ : बोलायचं नसतं. अन् बांधावरून कुठं दिसायचा तो? माझे डोळे तेव्हाच अधू झालेले, विमान म्हणजे नुसता ठिपका. तू ओरडलीस की कळायचं, दरवाजा नीट बसला. म्हणून तर न्यायचो तुला.

वेदिका : मला वाटायचं, माझी गंमत म्हणून नेताय.

सोमनाथ : तुझी गंमत होतीच. माझा जीव भांड्यात पडायचा, एवढंच. आज पहिल्यांदा बघतोय मी हा, वर गेलेला.

वेदिका : पप्पा, रडू नका ना. मी पुसते. प्रदर्शनवाल्यांनाही आत्ताच कळवते.

सोमनाथ : पुसावाच लागेल. उद्या सही करून खोटं लिहून देणार नाही मी. कॅमेरा मात्र राहू दे तुझ्याकडं. मामाला परत द्यायचा नाही. उज्वला! अगं, गॅस बंद कर अन् चष्मा घेऊन ये.

उज्वला : आता अजून काय?

सोमनाथ : ये तर. इथं बघ, माझ्या बोटापाशी. हा एवढा तुकडा. हे मी करतो आत.

उज्वला : हे?

सोमनाथ : हो. बघून घे. ही आता पुसणार आहे.

उज्वला : थांब गं पोरी, हात लावू नको. मला अजून नीट दिसलं नाय.